हाताला लागत नाही, मग काढणार कसं?

डॉक्टरताई, नमस्कार. मी 51 वर्षांची, साताऱ्यात बँकेत नोकरी करते. बँकेच्या वार्षिक तपासणीत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी झाली आणि डाव्या बाजूला कॅल्शियमचे बारीक कण दिसले. पुण्याला सुईनं तुकडा काढून तपासला, त्यात 'डीसीआयएस' आलं. सर्जन म्हणाले, स्तनाच्या कर्करोगाचा अगदी सुरुवातीचा प्रकार आहे, तेवढाच भाग काढू; पण तो हाताला लागत नाही म्हणून त्या दिवशी सकाळी आधी तार घालावी लागेल. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी रोज आंघोळीच्या वेळी चाचपून बघते, काहीच लागत नाही. अडाणी प्रश्न वाटेल, माफ करा, पण जे डॉक्टरांच्याही हाताला लागत नाही ते ते काढणार कसं? दुसराच भाग काढला तर? जागेपणी छातीत तार घालायची आणि ती तशीच बाहेर ठेवून ऑपरेशनला जायचं, या विचारानंच पोटात गोळा येतो. जाऊबाई म्हणतात, सुई लावली की हा रोग पसरतो, आता आणखी तार कशाला. त्यापेक्षा सगळंच काढून मोकळी हो. मिस्टर म्हणतात, तू म्हणशील तसं. मुलगी बेंगळुरूला असते, तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. नाव छापू नका.
— एक वाचक, सातारा

ताई,

नाव छापत नाही. आणि आधी ते 'माफ करा' मागे घ्या. तुम्ही विचारलेला प्रश्न अडाणी नाही. माझं निम्मं आयुष्य त्याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेलं आहे. मी रेडिओलॉजिस्ट. गेली पंचवीसेक वर्षं आठवड्यातल्या काही सकाळी माझं काम एवढंच असतं: फोटोत दिसणारी, पण हाताला न लागणारी जागा शोधायची आणि ती सर्जनला अचूक दाखवून द्यायची. तार त्यासाठीच असते. म्हणून हे पत्र वाचल्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

तुम्ही रोज चाचपून बघता आणि काही लागत नाही, म्हणून तुम्हाला दोन्ही बाजूंनी भीती वाटते आहे. एक मन म्हणतं, काही नाहीच, उगाच कापताहेत. दुसरं म्हणतं, आहे, पण सापडणार नाही. खरं काय आहे ते सांगते. स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. डीसीआयएसमध्ये त्या नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बिघडून वाढू लागतात, पण नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेल्या नसतात. नळी आतून भरत जाते, मधल्या पेशी मरतात आणि त्या जागी कॅल्शियम साचतं. मॅमोग्राफीत दिसतात ते हे कण. काळ्या पाटीवर खडूची भुकटी सांडावी तसे, एकेक कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. भोवतालचा भाग मात्र मऊच राहतो, शेजारच्या निरोगी भागासारखाच. त्यामुळे बोटांना फरक कळत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर उघडल्यावरही पिवळी चरबी आणि पांढरट ग्रंथी, एवढंच दिसतं. हे कण सर्जनच्या डोळ्यांनाही दिसत नाहीत. ते फक्त क्ष-किरणांना दिसतात. म्हणजे ज्याला दिसतंय त्याच्या हातात सुरी नाही आणि ज्याच्या हातात सुरी आहे त्याला दिसत नाही. मधला निरोप पोचवण्याचं काम ती तार करते.

हाताला लागत नाही, हे तुमच्या बाजूचं आहे, ताई. आपल्याकडे बहुतेक बायका येतात त्या गाठ लिंबाएवढी झाल्यावर. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं एक अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मशीन नव्हतंच. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासायच्या. तेवढ्यानंही पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. हाताच्या तपासणीची किंमत मी कधीच कमी मानणार नाही. पण तुमचा आजार हाताच्याही आधीच्या टप्प्यावर सापडला आहे. तेव्हा आंघोळीच्या वेळी रोज दाबून बघणं आता थांबवा. त्यातून नवीन काही कळणार नाही, कातडी तेवढी दुखेल.

आता तारेबद्दल. ही काल-परवा निघालेली युक्ती नाही. स्तनाचे क्ष-किरण फोटो काढण्याचा विचार बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या सर्जननं 1913 मध्ये मांडला होता. काढून टाकलेल्या स्तनांचे फोटो काढून त्यानं त्यातले हे पांढरे कण पाहिले होते. पुढे मॅमोग्राफी रुळली आणि डॉक्टरांपुढे तुमचाच प्रश्न उभा राहिला: दिसतंय, पण काढायचं कसं? सुरुवातीला साधी सुई टोचून तशीच ठेवत, ती सरकायची. निळा रंग सोडत, तो पसरायचा. 1976 मध्ये बॉस्टनमध्ये फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकाला आकडा असलेली तार वापरली. गळाला असतो तसा उलटा आकडा, म्हणजे एकदा आत रुतला की जागा सोडत नाही. पुढे डॅनियल कोपान्स यांनी त्या तारेचा टोकाजवळचा थोडा भाग जाड केला, म्हणजे सर्जनच्या बोटाला कळावं की आता जवळ आलो. आजही जगभर हीच तार वापरतात, थोड्याफार फरकानं.

त्या सकाळी काय होईल ते क्रमानं सांगते, कारण माझा अनुभव असा की माहीत नसल्याची भीती सुईपेक्षा जास्त टोचते.

तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, मॅमोग्राफीच्याच खोलीत आणतील. खुर्चीवर बसवतील. मंगळसूत्र काढायला लावतील; काळे मणी आणि वाट्या फोटोत येतात. पुष्कळ जणींचा जीव इथेच खालीवर होतो. मी आधीच सांगते, घरून निघतानाच काढून मिस्टरांच्या खिशात रुमालात बांधून द्या, तिथे घाईत काढू नका. मग स्तन नेहमीसारखा पट्टीखाली दाबला जाईल. फरक इतकाच की ही पट्टी अखंड नसते, तिला खिडकी असते आणि खिडकीच्या कडेनं अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. फोटो काढला की कण कुठल्या अक्षराच्या आणि कुठल्या आकड्याच्या रेषेवर आहेत ते कळतं, नकाशावर गाव शोधतात तसं. त्या ठिकाणी कातडी साफ करून सुन्न करण्याचं बारीक इंजेक्शन देतील. ते चुरचुरतं. दात काढताना हिरडीत देतात तसंच, पाच-दहा सेकंद. त्यानंतर सुई आत जाते तेव्हा दाब जाणवतो, दुखणं फारसं नाही. सुई छातीच्या पिंजऱ्याला समांतर जाते, त्याच्याकडे नाही. फुप्फुसाला लागेल का, असं पुष्कळ जणी विचारतात, म्हणून लिहिते.

मग पट्टी सोडून स्तन दुसऱ्या बाजूनं दाबतात आणि पुन्हा फोटो काढतात. पहिल्या फोटोनं वरखाली आणि डावीउजवीकडे कळलं होतं, आता खोली कळते. सुईचं टोक कणांच्या साधारण एक सेंटिमीटर पुढे गेलेलं असावं, अशी आमची इच्छा असते. तसं दिसलं की सुईच्या पोकळीतून तार आत सरकवतात आणि सुई मागे काढून घेतात. सुई निघाली की आकडा उघडतो आणि तार धरून बसते. हा क्षण बाईला कळतसुद्धा नाही. मीच सांगते, झालं. बाहेर राहिलेली तार केसापेक्षा थोडी जाड असते. ती लोंबत ठेवत नाहीत. गोल वळवून गॉझखाली चिकटपट्टीनं छातीला चिकटवतात. वरून गाऊन घातला की शेजारी बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. शेवटी दोन बाजूंनी दोन फोटो काढतात आणि त्यावर मार्करनं खुणा करून ते तुमच्याबरोबर ऑपरेशन थिएटरला जातात. सगळं मिळून अर्धा ते पाऊण तास.

कण किंवा बायोप्सीच्या, म्हणजे सुईनं तुकडा काढण्याच्या वेळी खुणेसाठी ठेवलेली क्लिप सोनोग्राफीत दिसत असेल तर हे सगळं झोपवून, सोनोग्राफीच्या मशीनखालीही करता येतं. ते जास्त सुसह्य असतं. बारीक कॅल्शियम सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत बहुधा मॅमोग्राफीच. पण विचारा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'क्लिप ठेवली' असं लिहिलंय का तेही बघा. ती दोन-तीन मिलिमीटरची, बहुधा टायटॅनियमची असते. सुईनं तुकडे काढताना कधी कधी बहुतेक कण निघून जातात. मग मागे राहिलेली जागा ओळखायला ती क्लिपच खूण असते, आणि तारेनं तिलाच गाठायचं असतं.

एक गोष्ट खरीखुरी त्रासदायक आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही: चक्कर. रात्रीपासून उपाशी पोट, ताण, बसलेल्या अवस्थेत स्तन नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबलेला, आणि डोळ्यांसमोर सुई. काही जणींना घाम फुटतो, कानात गुणगुणतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे अशक्तपणाचं लक्षण नाही. मी फौजेतल्या अधिकारी बाईलाही असं झालेलं पाहिलं आहे. तसं वाटायला लागलं की लगेच बोला, 'गरगरतंय' एवढं पुरे. आम्ही पट्टी सैल करतो, खुर्ची मागे झुकवतो, पाय वर घेतो, दोन मिनिटांत ठीक होतं. दात-ओठ खाऊन गप्प बसणाऱ्या बाईची मला जास्त काळजी वाटते. आणि सुईकडे बघू नका. आमच्याकडच्या मावशी अशा वेळी बाईचा दुसरा हात हातात घेऊन तिला माहेरचं गाव विचारतात. इतक्या वर्षांत याहून चांगलं औषध मला सापडलेलं नाही.

'दुसराच भाग काढला तर?' हे तुम्ही विचारलंत. असं होऊ शकतं का? हो, क्वचित. माझ्या हातून घडलेलं सांगते. मी नवीन होते. मॅमोग्राफीचं मशीन एका इमारतीत आणि ऑपरेशन दुसरीकडे, रिक्षानं दहा मिनिटांवर. मी तार घातली, जागा चांगली मिळाली होती, फोटो पाकिटात घालून दिले. बाई शिक्षिका होत्या, साठीच्या आसपास. रिक्षा, मग जिने, मग स्ट्रेचर, मग हात डोक्यावर घेऊन झोपवणं. या सगळ्यात तार दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर सरकली. सर्जननं तारेच्या टोकाशी जे होतं ते प्रामाणिकपणे काढलं. काढलेल्या तुकड्याचा फोटो काढायला हवा होता, पण मशीन आमच्याकडे, दुपारची वेळ, तुकडा थेट पॅथॉलॉजीला गेला. मीही फोन करून विचारलं नाही. दीड-दोन महिन्यांनी त्या पुन्हा माझ्यासमोर त्याच खुर्चीवर बसल्या आणि पडद्यावर ते कण जागच्या जागी होते. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दुसरं ऑपरेशन झालं, त्या बऱ्या झाल्या. पण त्यांनी गाऊनची नाडी बांधत 'म्हणजे परत सगळं पहिल्यापासून ना?' असं जे विचारलं, ते मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून मी तार घातल्यावर सर्जनला स्वतः फोन करते आणि तुकड्याचा फोटो बघितल्याशिवाय घरी जात नाही.

म्हणून सर्जनला भेटाल तेव्हा अमुक किती वर्षांचा अनुभव वगैरे विचारण्यापेक्षा हे विचारा: 'काढलेल्या तुकड्याचा फोटो मी भुलेत असतानाच काढणार का, आणि तो कोण बघणार?' बरोबर पद्धत अशी. तुकडा निघाला की सर्जन त्याला धागे बांधतात. आखूड धागा म्हणजे वरची बाजू, लांब धागा म्हणजे बाहेरची, काखेकडची बाजू. तुकडा क्ष-किरणाखाली जातो. त्या फोटोत तीन गोष्टी दिसायला हव्यात: तारेचा आकडा, क्लिप असेल तर क्लिप, आणि सगळे कण, तेही कडेला टेकलेले नाहीत तर आत. दिसले की आम्ही थिएटरमध्ये कळवतो, 'आलं.' कण एखाद्या कडेजवळ दिसले तर त्या बाजूनं आणखी थोडं काढायला सांगतो. हे होईपर्यंत जखम शिवत नाहीत. याची सोय त्या रुग्णालयात असेल, तर 'चुकीचा भाग काढला' हे पंधरा-वीस मिनिटांत, तुम्ही टेबलावर असतानाच, लक्षात येतं आणि दुरुस्त होतं. सोय नसेल तर, स्पष्टच लिहिते, अशी सोय असलेल्या ठिकाणी जा. महिनाभर हातात आहे. डीसीआयएस काही आठवड्यांच्या फरकानं हाताबाहेर जात नाही. तार घालण्याची खोली आणि ऑपरेशन थिएटर एकाच इमारतीत आहे का, हेही विचारून घ्या. का ते आता तुम्हाला सांगायला नको.

फोटोत सगळं आलं तरी शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा असतो. ते तुकड्याच्या सगळ्या बाजूंना वेगवेगळ्या रंगाची शाई लावतात, मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बिघडलेल्या पेशी शाईपासून किती लांब आहेत, त्याला मार्जिन म्हणतात. डीसीआयएसमध्ये ते किमान 2 मिलिमीटर असावं असं मानतात. कमी भरलं तर पुन्हा थोडं काढावं लागतं. हे बऱ्याच जणींच्या वाट्याला येतं, कारण डीसीआयएस नळीतून जिथवर गेलेला असतो तिथवर कण असतातच असं नाही. तसं झालं तर तार चुकली किंवा सर्जन चुकले असं समजू नका. क्वचित काढलेल्या तुकड्यात नळीबाहेर पडलेल्या पेशीही सापडतात. मग काखेतल्या गाठी तपासण्याचा विषय निघतो. तो निघेल तेव्हा बघू.

तुम्ही नेटवर 'चुंबकाची गोळी' वाचली असेल, आजकाल विचारतात म्हणून लिहिते. तारेऐवजी तांदळाच्या दाण्याएवढी चुंबकीय धातूची कांडी त्या जागी ठेवतात, सर्जन एका यंत्रानं ती शोधतात. काही देशांत किरणोत्सर्गी आयोडिनचा दाणा ठेवतात. मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत नव्वदच्या दशकात किरणोत्सर्गी द्रव टोचून जागा शोधायची पद्धत निघाली, तीही काही ठिकाणी चालते. चुंबकाच्या कांडीचा खरा फायदा म्हणजे ती काही दिवस आधी ठेवता येते, त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळची धावपळ आणि उपाशीपोटी खुर्चीवर बसणं टळतं. बाहेर काही राहत नाही, म्हणून ओढली जाण्याची भीती नाही. पण ती महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, आणि आजार पूर्ण निघण्याच्या बाबतीत नीट घातलेली तार तिच्या मागे नाही. तुमच्या सर्जनचा आणि रेडिओलॉजिस्टचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, ती पद्धत तुमच्यासाठी चांगली. केवळ त्या कांडीसाठी कर्ज काढू नका.

आता जाऊबाई. त्या तुमच्या भल्यासाठीच बोलतात, यात मला शंका नाही. 'सुई लावली की पसरतं' हे मी साताऱ्यातच नाही, पुण्यात कोथरूडमध्ये शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकते. त्याचं मूळ साधं आहे. पूर्वी लोक फार उशिरा यायचे, सुई लावेपर्यंत आजार पसरलेलाच असायचा, आणि चार महिन्यांनी माणूस गेलं की दोष सुईवर यायचा. आज कुठल्याही चांगल्या कॅन्सर रुग्णालयात सुईनं तपासल्याशिवाय स्तनाचं ऑपरेशन ठरवतच नाहीत, आणि सुईमुळे बायका जास्त दगावतात असं कुठेही आढळलेलं नाही. तारेनं तर त्याच दिवशी बाहेर यायचं असतं, ज्या भागात ती रुतली आहे तो भाग बरोबर घेऊन.

'सगळंच काढून मोकळी हो' याचं उत्तर मात्र एका वाक्यात नाही. काही जणींना संपूर्ण स्तन काढणंच योग्य असतं. कण मोठ्या भागात पसरलेले असतील, दोन-तीन ठिकाणी असतील, किंवा रेडिएशन घेता येणार नसेल तर. तुमच्या सर्जननं वाचवायचा म्हटलं आहे, म्हणजे तुमचं क्षेत्र लहान असणार. स्तन वाचवला तर जिवाला धोका वाढतो का, हा प्रश्न जगानं फार काळजीपूर्वक तपासला आहे. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी सत्तरच्या दशकात बायकांचे गट करून सुरू केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. तेही तुमच्यापेक्षा पुढच्या टप्प्यातल्या, म्हणजे नळीबाहेर पडलेल्या कर्करोगाबद्दल. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका सारख्याच जगल्या. भाग काढून वाचवलेल्या स्तनात आजार परत येण्याची शक्यता पूर्ण काढण्यापेक्षा थोडी जास्त असते, हे खरं. ती कमी करायलाच रेडिएशन देतात आणि त्यानं ती सुमारे निम्म्यावर येते. तेव्हा रेडिएशनचे आठवडे आणि पुढे दरवर्षी मॅमोग्राफी, एवढं धरून निर्णय घ्या. मिस्टर 'तू म्हणशील तसं' म्हणतात, ते चांगलंच आहे, पण पुढच्या भेटीला त्यांना बरोबर आत न्या. बाहेर बाकावर बसवू नका. ऐकलेलं दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहतं.

तयारीबद्दल थोडं. तार घालायला सकाळी सात-आठला बोलावतील. साताऱ्याहून पहाटे चारला निघून उपाशीपोटी खंबाटकी घाट उतरून पुण्याला पोचू नका. आदल्या दिवशी या, पुण्यात मुक्काम करा, रात्री नीट जेवा. रक्तदाबाची गोळी असेल तर ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, मधुमेहाची कधी बंद करायची, हे भूलतज्ज्ञांना आधी विचारा. इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते रेडिओलॉजिस्टलाही सांगा, आणि मनानं बंद करू नका. जुने मॅमोग्राफीचे फोटो, सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. रिपोर्टचा कागद पुरेसा नाही, फोटो हवेत. मी सकाळी सर्वांत आधी तेच मागते. समोरून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घाला. तार घातल्यावर त्या बाजूच्या हातानं पिशवी उचलू नका, केस बांधायला हात वर नेऊ नका, मोबाइल काखेत दाबून बोलू नका. चिकटपट्टी सुटतेय असं वाटलं तर हात न लावता सिस्टरना सांगा.

ऑपरेशननंतर जखमेला धरून ठेवणारी, तार नसलेली मऊ ब्रेसियर घालायला सांगतील. ती आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवा, नंतर शोधत फिरायला मिस्टरांना जमणार नाही. बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि ऑपरेशनपेक्षा ते दिवस कठीण जातात. त्या दिवसांत बँकेत जाऊन बसावंसं वाटलं, आणि सर्जननं परवानगी दिली, तर जरूर जा.

मुलीला सांगा, ताई. ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर नाही. तिला नंतर कळलं तर पुढच्या वेळी फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणालात की ती विश्वास ठेवणार नाही. शिवाय हे तिच्या तब्येतीशीही जोडलेलं आहे. आईला पन्नाशीत असं निघालं, हे तिनं तिच्या डॉक्टरला सांगायला हवं. तिची मॅमोग्राफी कधीपासून सुरू करायची ते त्यावर ठरतं, साधारण चाळिशीपासून. सांगताना 'कॅन्सर' शब्दापासून सुरुवात करू नका, लपवूही नका. 'तपासणीत एक सुरुवातीचं काहीतरी सापडलंय, हाताला लागण्याआधीच, अमुक तारखेला काढायचंय, तू ये' एवढं पुरे. ती आली तर तार घालायच्या खोलीबाहेर बसायला मिस्टरांपेक्षा तीच बरी.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की मला लिहा. त्यातला मार्जिनचा आकडा आणि कुठल्या बाजूचा तो आहे, हे तेवढं नीट उतरवून पाठवा.

तुमची,
डॉक्टरताई

ता. क. त्या सकाळी आंघोळ करा, पण काखेत किंवा छातीवर टाल्कम पावडर, डिओडरंट, क्रीम काही लावू नका. पावडरचे कण फोटोत हुबेहूब कॅल्शियमसारखे दिसतात.